बारा आरांचा घोळ

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



दर वर्षी वर्धापनदिनाला आपल्याकडे कोणी पाककृती सांगते, कोणी मुलांच्या अभ्यासावर बोलते, कोणी डॉक्टरीणबाईंना बोलावते. यंदा चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुमच्या माहेरच्या सातबाऱ्याची भानगड तुम्ही कशी उलगडली, ते सांगा." मी म्हटले, हा काय भाषणाचा विषय झाला! त्या म्हणाल्या, "अहो, निम्म्या जणींच्या घरी सध्या हाच विषय आहे." त्यांचे म्हणणे खरे आहे. आपली चऱ्होली १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेली. जेथे ज्वारी होत असे तेथे आज बारा बारा मजले उभे आहेत. जमिनीला भाव आला आणि त्याबरोबर घराघरांत कागदांच्या पिशव्या माळ्यावरून खाली आल्या. आणि आपण सुना तर खेड, शिरूर, मावळ, जुन्नर अशा चहूबाजूंनी आलेल्या. आपली माहेरची रानेही कोठे ना कोठे कागदावर आहेतच.

मी सातवीपर्यंत शिकले. वकील नाही, कचेरीत नोकरीला नाही. बेरीज-वजाबाकी पक्की आहे आणि बचत गटाची वही नऊ वर्षे माझ्याकडे आहे, एवढीच माझी पात्रता. तेव्हा कायद्याचे शब्द चुकले तर संभाळून घ्या. आकडे मात्र मी चुकणार नाही.

सातबारा हा शब्द आपण रोज ऐकतो, पण तो हातात घेऊन वाचणाऱ्या बायका थोड्या. गावच्या दप्तरात निरनिराळे नमुने असतात. नमुना सात म्हणजे जमीन कोणाकडे आहे त्याचा कागद, आणि नमुना बारा म्हणजे तीत कोणते पीक आहे त्याचा. दोन्ही एकाच उताऱ्यावर येतात म्हणून सातबारा. नमुना सहा म्हणजे फेरफार. कोणी मेले, कोणी विकले, वाटणी झाली, तर ती हकीकत आधी फेरफारात लिहावयाची, मग सातबाऱ्यावरचे नाव बदलावयाचे. आणि आठ-अ म्हणजे एका माणसाच्या नावावर गावात कोठे कोठे किती आहे त्याचा गोषवारा. घरच्या भाषेत सांगायचे तर फेरफार ही रोजची वही आणि सातबारा ही खतावणी. खतावणीत काही अडले की रोजची वही उघडावयाची, हे गटाची वही लिहिणाऱ्या बाईला सांगावे लागत नाही.

आता गोष्ट. माझे माहेर येथून फार लांब नाही. गावाचे नाव सांगत नाही, कारण तेथील माणसे अजून तेथेच आहेत, आणि ही चूक एकट्या कोणाची नव्हती. माझे वडील २०२२ च्या श्रावणात गेले. मागे आई, आम्ही दोघी बहिणी आणि मधला भाऊ. एकच गट, एकंदर १ हेक्टर २० आर, म्हणजे तीन एकराला थोडी कमी. त्यात निम्मा वाटा चुलत आजोबांच्या घरचा. उरलेल्या निम्म्यात वडील आणि चुलते, ३० आर आणि ३० आर. वडिलांच्या ३० आरांवर आम्हा चौघांची नावे लावावयाची, एवढेच काम.

वारसाची खबर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यावी असा कायदा आहे. आम्ही दिवाळीपूर्वीच दिली. मृत्यूचा दाखला, उतारा, आठ-अ, वंशावळ, शपथपत्र, सर्व जोडले. पूर्वी हे सर्व हाताने लिहीत. हल्ली फेरफार संगणकावर चढतो. मुलगा आकडे घालू लागला आणि यंत्राने नकार दिला. खातेदारांच्या नावांपुढील क्षेत्राची बेरीज एकूण क्षेत्राशी जुळत नाही, म्हणून या गटावर फेरफार घेता येत नाही, अशा अर्थाचे काहीतरी पडद्यावर आले. गटाचे एकूण क्षेत्र १.२०, आणि नावांची बेरीज १.३२. बारा आर जास्त!

मी विचारले, "अहो भाऊसाहेब, इतकी वर्षे हाच उतारा तुम्ही छापून देत होता, तेव्हा कसे चालले?" ते म्हणाले, "तेव्हा नुसते छापायचे काम होते, ताई. आता यंत्र बेरीज तपासते." हाताने लिहिलेले उतारे आधी संगणकात उतरवून झाले, आणि मेळ बसलाच पाहिजे ही अट नंतर आली. म्हणजे चूक जुनी, पण ती बोलू लागली वडील गेल्यावर. यंत्राचा मला राग आला होता, तो येथे थोडा कमी झाला. ज्या वहीची बेरीज जुळत नाही तिच्यात पुढची नोंद करू नये, हे त्याचे म्हणणे गैर नव्हते.

पण चूक कोठे आहे हे यंत्र सांगेना. ते फक्त १२ म्हणे.

उताऱ्यावर चार ओळी होत्या. चुलत घर ५२ आर. वडील ३० आर. चुलते ३० आर. आणि चौथी ओळ २० आरांची. ती कोणाच्या नावावर, तर माझ्या भावाच्या! कचेरीतल्या मुलाने बोट ठेवून दाखविले, "तुमच्या भावाच्या नावावर २० आर आधीच आहेत की." त्या वेळी धाकट्या बहिणीचे यजमान शेजारी उभे होते.

पुढे काय झाले असेल ते तुम्हाला सांगायला नको. वडील आजारी असताना भावाने हळूच २० आर नावावर करून घेतले, असे बहिणीच्या सासरी ठरले. भाऊ म्हणे, मी कचेरीची पायरी चढलो नाही. त्याचे कोणी ऐकेना. त्या वर्षी भाऊबिजेला धाकटी आली नाही. मी गेले, पण ताटावर कोणी बोलेना. आई दोन्ही लेकींच्या फोनवर एकच वाक्य बोले, "त्यांनी असे केले नसते." त्यांनी म्हणजे वडिलांनी. माझ्या मनाची स्थिती काय सांगू? भावावर विश्वास होता, पण कागदावर त्याचे नाव डोळ्यांनी पाहिले होते.

मग एक सल्लागार भेटला. कचेरीच्या बाहेर टेबल टाकून अर्ज लिहिणारी माणसे असतात, त्यांपैकी एक. त्याने कागद पाहिला आणि दोन मिनिटांत उपाय सांगितला. "भावाचे २० आहेत, ते चुकून पडले असे लिहून द्या आणि ८ करा. बारा कमी झाले की बेरीज १.२० होते. यंत्र गप्प बसेल आणि वारसाची नोंद आठ दिवसांत."

भगिनींनो, हिशोब बरोबर होता! वीसातून बारा गेले की आठ, आणि १.३२ चे १.२० होतात. धाकटीच्या घरच्यांनाही ते पटले, कारण भावाचे बारा आर जात होते. सोसायटीच्या पीककर्जाची मुदत जवळ आली होती, आईच्या नावाशिवाय कर्ज नवे होत नव्हते. सगळे सही करायला तयार. फक्त भाऊ तयार होईना. तो म्हणाला, "वीस माझे नाहीत, तसे आठही माझे नाहीत. जे मी घेतले नाही ते कमी करून घ्यायला मी सही कशी देऊ?"

हे ऐकले आणि त्या रात्री मी उतारा पिशवीत घालून चऱ्होलीला घेऊन आले.

आपल्या गटाच्या वहीत मेळ चुकला की मी काय करते ते तुम्हांपैकी पुष्कळ जणींनी पाहिले आहे. पहिली गोष्ट, चुकीच्या आकड्याला ९ ने भाग जातो का ते पाहायचे. भाग गेला तर कोणीतरी अंक उलटे लिहिलेले असण्याचा संभव. ३९ च्या ठिकाणी ९३ लिहिले तर फरक ५४ येतो, त्याला ९ ने भाग जातो. नेहमी जातो, करून पाहा. बाराला ९ ने भाग जात नाही. तेव्हा अंक उलटे नाहीत. दुसरे, फरकाचे निम्मे करायचे. जमेची रक्कम खर्चात पडली तर फरक दुप्पट दिसतो. बाराचे निम्मे सहा. सहाचा आकडा उताऱ्यावर कोठेच नव्हता. तिसरे मला वाटले ते एकर-गुंठ्याचे. पूर्वीची कागदे गुंठ्यांत, आताची आरांत. एक गुंठा म्हणजे १.०१ आर. कोणी गुंठेच आर म्हणून लिहिले असते तरी आमच्या सबंध रानात दीड आराचाही फरक पडत नव्हता. बारा कोठून येणार?

एवढे झाल्यावर मी अडले. आमच्या आळीत महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, त्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो. त्यांच्याकडे गेले. अण्णांनी आधी मला एक तास इतिहास सांगितला. वयस्क माणसाकडे काम घेऊन गेले म्हणजे एवढे ऐकावेच लागते. पण त्यातले एक लक्षात राहिले. इंग्रजी अमलात पुणे जिल्ह्याची पहिली मोजणी १८२७ च्या सुमारास प्रिंगल नावाच्या साहेबाने सुरू केली. कागद पुष्कळ झाले, पण मोजण्यांत आणि जमिनीच्या प्रतींत इतक्या चुका निघाल्या की त्यावर बसविलेला सारा लोकांना झेपेना. मग १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी सगळे पुन्हा नव्याने मोजले. अण्णा म्हणाले, "तेव्हा संगणक नव्हता, वहिनी. चूक माणूसच करतो. यंत्र ती जपून ठेवते एवढेच."

मग त्यांनी उतारा चष्म्याजवळ नेला आणि विचारले, "या ओळींपुढचे फेरफाराचे नंबर पाहिलेत का?"

मी पाहिले नव्हते. कोणीच पाहिले नव्हते. सर्वांचे डोळे नावावर आणि क्षेत्रावर. प्रत्येक नावाच्या ओळीला फेरफाराचा नंबर असतो, म्हणजे हे नाव कोणत्या नोंदीने आले त्याची खूण. वडिलांच्या आणि चुलत्यांच्या ओळीला ६११ होता. भावाच्या म्हणविल्या जाणाऱ्या २० आरांना होता ४१८.

फेरफाराचे नंबर गावात ओळीने चढत जातात, आपल्या पावतीपुस्तकासारखे. ४१८ नंबरची पावती ६११ च्या नंतर कशी फाटेल? वडिलांच्या नावे ३० आर झाले ते आजोबा वारल्यावर, १९८१ साली. म्हणजे ४१८ त्याच्याही आधीचा. आणि माझा भाऊ जन्मला १९८३ साली! जन्माच्या आधी कोणी जमीन लाटीत नाही.

मग ४१८ वर नाव कोणाचे? आपल्याकडे आजोबा गेल्यावर झालेल्या नातवाला त्यांचे नाव ठेवतात. घरची नावे मी येथे घेत नाही. समजा, महादू गणपत. महादूचा मुलगा गणपत, त्याचा मुलगा पुन्हा महादू. आजोबा महादू गणपत, नातूही महादू गणपत, आडनाव एकच. आमच्या घरी तीन पिढ्या हीच चाल. एकोणचाळीस वर्षांच्या मुलाला उद्देशून सगळे गाव ज्याचा जाब विचारीत होते, ते नाव त्याच्या आजोबांचे होते. ते वारल्याला एकेचाळीस वर्षे झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी भावाला फोन केला. तो काही बोलला नाही. फक्त विचारले, "धाकटीला सांगितलेस?" मी म्हटले, कागद हातात आल्यावर सांगते. नुसत्या तर्काने एकदा घर मोडले होते, पुन्हा तर्कानेच जोडायचे मला नको होते.

कागद मिळवायला दोन महिने गेले. तालुक्याच्या दप्तरखान्यात जुन्या हस्तलिखित सातबाऱ्याच्या आणि फेरफारांच्या नकला मिळतात. अर्ज करावा, फी भरावी आणि पुन्हा पुन्हा जावे. आळंदीहून निघणारी बस आणि डब्यातली भाकरी, यांवर माझे चार सोमवार गेले. शेवटी दोन्ही फेरफार आणि हस्तलिखित उतारा मिळाला. फेरफार ४१८, साल १९७२: आजोबांनी हयातीतच वाटप केले. त्यांच्या ६० आरांपैकी दोन्ही मुलांना २०-२० दिले आणि २० स्वतःला ठेवले. फेरफार ६११, साल १९८१: आजोबा वारले, आजी आधीच गेलेली, मला आत्या नाही, म्हणून ते २० दोन मुलांत १०-१० वाटले गेले. झाले ना वीस आणि दहा, तीस? सगळे बरोबर होते. कोणी काही लपविले नव्हते.

मग आजोबांचे नाव राहिले कसे? हाताने लिहिलेल्या उताऱ्यात नाव कमी करताना ते खोडीत नाहीत. त्याला कंस करतात. कंसातले नाव म्हणजे गेलेले नाव, हे वाचणाऱ्याला ठाऊक असते. आजोबांच्या नावाच्या डाव्या अंगाला कंस होता, पण फिका. आणि उजवा कंस पानाच्या शिवणीत गेला होता. संगणकात उतरवून घेणाऱ्या पोराने रोज शेकडो ओळी चढविल्या असतील. त्याला तो दिसला नाही. त्याने वाचले ते नाव, आणि घातले. एका कंसावर माझ्या बहिणीची दोन वर्षांची भाऊबीज गेली.

२०१७ साली सरकारने गावोगाव चावडीवाचन केले होते. हस्तलिखित आणि संगणकावरचा उतारा लोकांसमोर वाचून चुका सांगा, असे आवाहन होते. आमचे वडील गेलेही होते म्हणतात. पण नाव वाचले गेले तेव्हा त्यांना ते मुलाचे वाटले की वडिलांचे, कोण जाणे. ऐकायला दोन्ही सारखीच.

येथे गोष्ट संपायला हवी होती, पण संपली नाही. कचेरीत जाऊन सांगितले, हे २० काढा. मुलाने वजा करून पाहिले आणि म्हणाला, "ताई, आता १.१२ होतात. म्हणजे आठ आर कमी पडतात. तेव्हा २० ची चूक नाहीच. चूक बाराची आहे."

एक क्षण माझे पाय गळाले. पण गटाच्या वहीने मला एक शिकविले आहे. जेव्हा फरकाचा आकडा वहीत कोठेच सापडत नाही, तेव्हा चूक एक नसते, दोन असतात. एक जास्तीची आणि एक कमीची. त्या एकमेकींना पदराआड घेतात आणि बाहेर तिसराच आकडा दिसतो. वीस जास्त आणि आठ कमी, म्हणून बारा. आम्ही सगळे वर्षभर बाराच्या मागे धावत होतो, आणि बारा आर नावाचे काही त्या रानात नव्हतेच.

मग आठ शोधायचे. शोधावेही लागले नाहीत. उताऱ्याच्या माथ्यावरच लिहिले होते: लागवडीयोग्य १.१२, पोटखराबा ०.०८, एकूण १.२०. पोटखराबा म्हणजे शेताच्या आतली जी जागा कसता येत नाही ती. ओढा, वाट, खडक. आमच्या गटात ओढा चुलत घराच्या बाजूने जातो, म्हणून आठही आर त्यांच्याकडे. हस्तलिखितात त्यांच्या नावापुढे ५२ आणि पोटखराबा ८, मिळून ६० असे स्वच्छ होते. संगणकात ५२ उतरले आणि पोटखराब्याचा रकाना कोरा राहिला. यंत्राने कोऱ्याला शून्य धरले.

आता त्या सल्लागाराच्या उपायाकडे पुन्हा पाहा. आठ आर त्याने आजोबांच्या मेलेल्या नावावर ठेवले असते, ते नाव भावाचे म्हणून चालले असते, आणि ओढ्याचे आठ आर चुलत घराच्या कागदावरून कायमचे गेले असते. बेरीज मात्र बिनचूक! यंत्र समाधानाने पुढे गेले असते. पुढच्या पिढीने एकमेकांची डोकी फोडली असती, आणि का ते कोणाला कळले नसते.

चुलत घरी जाणे हे खरे अवघड काम होते. आमच्या कागदाच्या दुरुस्तीत त्यांची ओळ येत होती, आणि जमिनीचे नाव काढले की माणूस आधी दार लावतो. मी आणि भाऊ मिळून गेलो. काकूंनी चहा दिला, पण काका कागदाला हात लावीनात. मी भिंतीवरचे कॅलेंडर मागितले, जुन्या महिन्याच्या पाठीवर चार ओळी मांडल्या आणि बेरीज त्यांच्या नातीला करायला लावली. पाचवीतली पोर. तिने दोनदा केली आणि म्हणाली, "आजोबा, आपले आठ कोणी घेतले?" त्यावर काका हसले. आपण इंद्रायणीच्या काठावरची माणसे. तुकोबांनी सावकारीचे कागद या नदीत सोडले ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, पण तिचा अर्धा भाग फारसा कोणी सांगत नाही. धाकट्या भावाच्या, कान्होबांच्या वाट्याचे कागद त्यांनी आधी वेगळे काढून त्याच्या हाती दिले आणि फक्त आपलेच बुडविले. काका वारकरी आहेत. ही गोष्ट मी नाही, त्यांनीच काढली, आणि सही दिली.

दुरुस्तीचा रस्ता असा. लेखनातली चूक असेल, म्हणजे मूळ फेरफार बरोबर पण उतरविताना चुकले असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. ही संहिता १९६६ ची. अर्जाबरोबर जुना आणि नवा उतारा, संबंधित फेरफार, आणि चूक नेमकी कोणत्या ओळीत हे लिहावे. आम्ही दोन्ही चुका वेगवेगळ्या लिहिल्या. अण्णांनी बजावले होते, "बाराचा उल्लेखसुद्धा करू नका." सर्व खातेदारांना नोटिसा गेल्या, जबाब झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये आदेश निघाला. आजोबांच्या नावाला संगणकात कंस पडला, चुलत घराचे आठ आर रकान्यात आले आणि बेरीज १.२० झाली. मग वारसाचा फेरफार चढला. त्याची नोटीस लागते आणि हरकतीला पंधरा दिवस असतात. कोणाची हरकत आली नाही. मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद मंजूर केली. तलाठी या पदाचे नाव त्याच वर्षी बदलून ग्राम महसूल अधिकारी झाले. गावात मात्र अजून भाऊसाहेबच म्हणतात.

धाकटीला मी नकला दाखविल्या त्या आदेशाच्या आधीच, ज्या सोमवारी मिळाल्या त्याच संध्याकाळी. तिने दोन्ही फेरफारांचे साल वाचले, भावाचे जन्मसाल मनाशी म्हटले, आणि कागद बाजूला ठेवून स्वयंपाकघरात गेली. तिचे यजमान बराच वेळ तोच कागद वाचीत बसले. माघी एकादशीला ती माहेरी आली. तिकडे काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. दोघांमध्ये सगळे पहिल्यासारखे झाले असे म्हणता येणार नाही. भाऊ तिच्याशी हल्ली जरा जपून बोलतो.

आता एक प्रश्न हमखास विचारला जातो, म्हणून सांगते. आम्हा बहिणींची नावे लागली, मग आम्ही हक्क सोडला का? आमच्या महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा देणारी दुरुस्ती केली, ती त्या वेळी लग्न न झालेल्या मुलींपुरती होती. २००५ मध्ये साऱ्या देशासाठी कायदा झाला, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मुलीचा हक्क जन्माने आहे, २००५ साली वडील हयात असोत वा नसोत. सोडायचा की ठेवायचा हे ज्याच्या त्याच्या घरचे आहे. पण माझे मत असे की नाव लागण्याच्या आधी, घाईत, कचेरीच्या बाहेरच्या टेबलावर सही करू नये. आधी नोंद बिनचूक होऊ द्यावी. जे कागदावर आलेच नाही ते सोडल्याचाही पुढे वाद होतो. आमच्या चौघांची नावे आज सामाईक आहेत, रान भाऊ कसतो आणि पीककर्ज आईच्या सहीने नवे झाले.

अण्णांनी आणखी एक सांगितले होते, तेही सांगून टाकते. सातबाऱ्यावर नाव आले म्हणजे मालकी सिद्ध झाली असे न्यायालये मानीत नाहीत. महसुलासाठी ठेवलेली ती नोंद आहे. म्हणून खरेदीखत, वाटपपत्र, जुने फेरफार जपून ठेवावेत. त्यांच्यावाचून आम्ही २० आरांचा उलगडा कशाने केला असता?

ज्यांना आपला उतारा वाचून पाहावयाचा असेल त्यांच्यासाठी थोडे. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, त्याची फी १५ रुपये आहे. तो काढा आणि पेन्सिल घेऊन बसा. प्रत्येक नावापुढचे क्षेत्र आणि पोटखराबा यांची बेरीज माथ्यावरच्या एकूण क्षेत्राशी ताडून पाहा. घरात आजोबा-नातवाचे एकच नाव असेल तर फेरफाराचा नंबर आधी पाहा. सासूचे आणि जावेचे नाव सारखे असेल तरी तेच. मेलेल्या माणसाचे नाव जिवंत दिसले तर लगेच कोणावर संशय घेऊ नका. आधी त्याला कंस कोणत्या फेरफाराने पडायला हवा होता ते विचारा.

मी मंगळवारी दुपारी तीन ते पाच मंडळाच्या खोलीत असते. ज्यांना दाखवायचे असेल त्यांनी उतारे घेऊन यावे. मूळ कागद मात्र आणू नका, झेरॉक्स आणा. आपल्या खोलीत चहा फार सांडतो.